लेखनगटासाठी गूगल डॉक्स: समासात काय मावतं, काय निसटतं

लेखनगट जमवायचा ठरला की पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो: मसुदे वाचायचे कुठे? कोणी मेलवर वर्डची फाइल पाठवतं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, कोणी चक्क छापील पानांचे फोटो. महिन्याभरात एकाच कथेच्या चार फायली फिरायला लागतात आणि ‘अंतिम’, ‘अंतिम २’, ‘खरंच अंतिम’ यांतली खरी कुठली हे खुद्द लेखकालाही सांगता येत नाही. मग कोणीतरी गूगल डॉक्सचं नाव काढतं आणि बहुतेक गट तिथेच स्थिरावतात.

हे परीक्षण डॉक्सचं आहे, पण टंकलेखनाचं साधन म्हणून नव्हे. चार-सहा लिहिणारी माणसं वर्ष-दोन वर्षं एकमेकांचे मसुदे वाचणार असतील तर हे साधन त्यांना किती धरून ठेवतं आणि कुठे बिघडवतं, एवढंच पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. ओळीवरच्या कामासाठी याहून सोयीचं काही सहज मिळत नाही. पण डॉक्सची सगळी सोय उजव्या समासात, म्हणजे वाचकांच्या टिप्पण्या आणि सूचना उमटतात तिथे आहे आणि समास ओळीला चिकटलेला असतो. त्यामुळे गट नकळत मुद्रितशोधनाला लागतो. ऱ्हस्व-दीर्घ सगळे पाहतात, कथा उभी राहते की नाही हे सांगायला कोणी उरत नाही. सहा महिन्यांनी ‘गटात मजा राहिली नाही’ असं जे म्हणतात, त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. उपाय आहेत, पण ते डॉक्समध्ये बसवलेले नाहीत. ते गटाला बाहेरून आणावे लागतात.

परवानग्या: इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं

‘शेअर’ दाबलं की तीन दर्जे दिसतात: ‘व्ह्यूअर’, ‘कमेंटर’ आणि ‘एडिटर’. वाचकाला कमेंटर करा. ‘आपलीच माणसं आहेत’ म्हणून सगळ्यांना एडिटर करून टाकणं ही नव्या गटांची ठरलेली चूक.

एडिटर थेट मजकुरात हात घालू शकतो. ‘सजेस्टिंग’ मोड चालू करायला तो विसरला की त्याने बदललेलं वाक्य तुमच्याच वाक्यासारखं दिसतं. तिसऱ्या पानावरचं एक क्रियापद बदललंय हे कळायलाच महिना जातो. कमेंटरने काहीही टाइप केलं तरी ते आपोआप सूचना म्हणून रंगात उमटतं. तो विसरला तरी बिघडत नाही. दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं: एडिटरला ‘व्हर्जन हिस्ट्री’ उघडता येते. म्हणजे तुमचे कच्चे खर्डे, कापून टाकलेली प्रकरणं, मध्येच स्वतःसाठी लिहिलेलं ‘हे फार रडकं झालंय’, सगळं त्याच्या हाती लागतं. कमेंटरला तो इतिहास दिसत नाही.

म्हणून मूळ फाइल कधीच शेअर करायची नाही. ‘फाइल’मध्ये जाऊन ‘मेक अ कॉपी’ करायची आणि ती प्रत गटाला द्यायची. प्रतीबरोबर जुना इतिहास जात नाही. प्रतीच्या नावात पाळीचा क्रमांक, लेखकाचं नाव, शब्दसंख्या आणि परत देण्याची तारीख टाकली की निम्मे निरोप वाचतात. ‘पाळी ०७, मालविका, २८४० शब्द, १४ पर्यंत’ असं नाव दिसलं की कोणी ‘कधीपर्यंत वाचायचंय?’ विचारत नाही. शब्दसंख्या कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबून मिळते. मजकुराचा तुकडा निवडून दाबलं तर फक्त त्या तुकड्याची.

दुव्याचा प्रकार ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवा आणि प्रत्येकाचा ईमेल पत्ता घाला. ‘एनीवन विथ द लिंक’ सोपं वाटतं, पण मग दुवा पुढे जातो, वरच्या कोपऱ्यात अनोळखी ‘अनामिक’ प्राणी दिसायला लागतात आणि खात्यात न शिरता केलेली टिप्पणी कोणाची हे कळत नाही. शिवाय बरीच नियतकालिकं आणि स्पर्धा अप्रकाशित लेखन मागतात. कोणालाही उघडता येईल असा दुवा फिरत असेल, तर ‘अप्रकाशित’ या शब्दावर नसता वाद ओढवून घेतल्यासारखं होतं.

शेअरच्या चौकटीत वर एक दातेरी चाकाचं चिन्ह आहे. तिथे व्ह्यूअर आणि कमेंटर यांची डाउनलोड, प्रिंट आणि कॉपी करण्याची सोय बंद करता येते. बंद करावी, पण त्यावर विसंबू नये. स्क्रीनचा फोटो काढायला कोणालाच अडवता येत नाही. ही कडी आहे, कुलूप नव्हे. ज्याच्यापुढे कुलूप लावावंसं वाटतं त्याला मसुदाच देऊ नये.

समासात काय होतं

एक छोटा नमुना घेऊ. मसुद्यात अशी दोन वाक्यं आहेत:

मालती दारात उभी राहिली. तिला खूप वाईट वाटत होतं.

समासात तीन टिप्पण्या येतात. पहिला वाचक लिहितो: ‘“खूप वाईट वाटत होतं” ऐवजी “ती विषण्ण झाली” चालेल का?’ दुसरा: ‘छान! डोळ्यांपुढे उभं राहिलं.’ तिसरा: ‘दोन परिच्छेद आधी तिने किल्ली खुंटीला लावता लावता परत पर्समध्ये टाकली, तेव्हाच मला कळलं. इथे पुन्हा सांगितल्यावर मी गोष्टीतून बाहेर आलो.’

तिसरी टिप्पणी सोन्याची आहे. ती वाक्य सुधारून देत नाही. वाचताना वाचकाला काय झालं आणि कशामुळे झालं तेवढंच सांगते. तिच्यातून लेखकाला दोन गोष्टी मिळतात: किल्लीची जागा काम करते आहे, आणि हे वाक्य गेलं तरी चालेल. पहिल्या टिप्पणीतून मिळतो वाचकाचा शब्दसंग्रह. दुसरीतून मिळतो आनंद, पण तो पुढच्या खर्ड्यापर्यंत टिकत नाही. गंमत अशी की डॉक्समध्ये पहिल्या प्रकाराला सगळ्यात कमी कष्ट पडतात. शब्दावर टिचकी मारा, नवा शब्द टाइप करा, झाली सूचना. साधन ज्याला वाट करून देतं, माणसं तेच करतात.

यावर चालणारा उपाय असा: आधी पत्र, मग समास. वाचकाने मसुदा एकदा सलग वाचायचा, एकही टिप्पणी न करता. जमल्यास कॉम्प्युटरवर नाहीच. फोनवर, आडवं पडून, जसं इतर काही वाचतो तसं. मग त्याच दिवशी दीड-दोनशे शब्दांचं पत्र फक्त लेखकाला मेल करायचं. पत्रात चार गोष्टी असाव्यात: वाचण्याचा वेग कुठे मंदावला, काय दोनदा वाचावं लागलं, कोण किंवा काय लक्षात राहिलं, आणि संपल्यावर कुठला प्रश्न हातात उरला. ‘आवडलं का’ हा प्रश्न मुद्दामच यात नाही. त्याचं उत्तर माणसं शिष्टाचार म्हणून देतात. पत्र गेल्यानंतरच समास उघडायचा, आणि ३,००० शब्दांच्या मसुद्याला १०-१२ टिप्पण्यांपुरताच. मर्यादा घातली की वाचक निवड करतो. नाहीतर चाळीस रंगीत चौकोनांतले पस्तीस स्वल्पविरामाचे असतात.

पत्रासाठी मसुद्यातच वेगळा ‘टॅब’ करावा असं सुचतं. डॉक्समध्ये २०२४ पासून टॅब आलेत आणि प्रकरणं डावीकडे ओळीने लावायला ते उत्तम आहेत. या कामाला मात्र निरुपयोगी. शेअरिंग अख्ख्या फाइलचं होतं, एकेका टॅबचं नाही. म्हणजे सगळ्यांची पत्रं सगळ्यांना दिसणार. तेच तर टाळायचंय. पहिल्याने ‘सुरुवात संथ आहे’ लिहिलं की उरलेल्या तिघांनाही ती संथ वाटायला लागते. चौघांनी सांगितलं म्हणून लेखक सुरुवात कापतो, आणि खरं म्हणजे ते एकाचंच मत असतं, चौपट झालेलं. समासातही हेच होतं. ज्या गटाला हे कटाक्षाने टाळायचंय त्याने प्रत्येक वाचकाला स्वतंत्र प्रत द्यावी. चार प्रती करायला पाच मिनिटं लागतात. नंतर चार फायली शेजारी शेजारी उघडाव्या लागतात हा त्रास आहेच, पण एकाच ओळीवर तिघे स्वतंत्रपणे अडखळलेले दिसले की तो त्रास वसूल होतो.

स्वतंत्र प्रत दिली तरी एक अडचण उरते. डॉक्समध्ये कोण कुठे आहे ते रंगीत कर्सरने दिसतं. वाचक टिप्पणी लिहितोय आणि तेवढ्यात लेखकाच्या नावाचा कर्सर त्याच परिच्छेदात येऊन लुकलुकायला लागतो. वाचक तिथल्या तिथे वाक्य मवाळ करतो. ‘हे पटलं नाही’चं ‘कदाचित मलाच कळलं नसेल’ होतं. लेखकाने बैठकीपर्यंत शेअर केलेली प्रत उघडूच नये, हा नियम ऐकायला जाचक वाटतो खरा, पण त्याने टिप्पण्यांचा दर्जा ताबडतोब सुधारतो. शेअरिंगनंतर मेलवर येणाऱ्या सूचनाही बंद करता येतात. टिप्पणी-इतिहासाच्या खिडकीत घंटेचं चिन्ह आहे, तिथे ‘नन’ निवडायचं. नाहीतर रात्री अकराला ‘इथे कंटाळा आला’ असा मेल येतो आणि लेखकाची झोप उडते.

लेखकाने प्रत उघडून तिथेच दुरुस्त्या सुरू केल्या तर नुकसान वेगळंच होतं. ज्या शब्दांना टिप्पणी जोडलेली होती तेच उडवले की टिप्पणीही समासातून नाहीशी होते; मग ती टिप्पणी-इतिहासात शोधावी लागते. ‘रिझॉल्व्ह’ची, म्हणजे टिप्पणी निकालात काढणारी बरोबरची खूण दाबली तरी तेच. उशिरा वाचणाऱ्याला कळतच नाही की इथे आधी काही बोलणं झालं होतं.

सूचना स्वीकारण्याबद्दल एक कडक मत. ‘टूल्स’मध्ये ‘रिव्ह्यू सजेस्टेड एडिट्स’ आहे आणि तिथे एका टिचकीत सगळ्या सूचना स्वीकारता येतात. हे बटण कार्यालयीन अहवालासाठी आहे. कथा-कवितेसाठी ते विषासारखं. चार जणांच्या सूचना अशा स्वीकारल्या की मजकूर बिनचूक होतो आणि कोणाचाच राहत नाही. प्रत बाजूला ठेवा, मूळ फाइल उघडा आणि जी सूचना पटली ती स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहा. दहातल्या सहा सूचना या वाटेत आपोआप गळतात. उरलेल्या चारांतही वाचकाचा शब्द क्वचित येतो; त्याने बोट ठेवलेली जागा मात्र बदलते.

थकव्याचाही हिशोब करा. कुठल्याही शेअर केलेल्या मसुद्याच्या समासावर नजर टाका: पहिल्या ५०० शब्दांत गर्दी, शेवटच्या हजारात शुकशुकाट. नवखा लेखक यावरून ‘माझी सुरुवात वाईट, शेवट उत्तम’ असं समजतो. बहुतेक वेळा खरी गोष्ट एवढीच असते की वाचकाचा उत्साह चौथ्या पानावर संपला. दोन जणांनी टिप्पण्या पहिल्या पानापासून कराव्यात आणि दोघांनी दुसऱ्या अर्ध्या भागापासून, एवढं ठरवलं तरी चित्र बदलतं. आणि जो वाचक अर्ध्यावर थांबला त्याने ‘इथे थांबलो, उद्या पुढे’ अशी टिप्पणी ठेवावी. माणसं जिथे थांबतात ती जागा लेखकाला इतर कुठून कळणार?

कादंबरीवाल्यांसाठी दोन ओळी. डॉक्सच्या एका फाइलला १०.२ लाख अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे मध्यम कादंबरी एका फाइलमध्ये मावते. पण शेकडो सूचना आणि टिप्पण्या साठल्या की फाइल जड होते, टाइप केलेलं उमटायला वेळ लागतो. प्रकरणागणिक वेगळी प्रत द्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर इथे आणून चिकटवला तर अक्षरांची कचराकुंडी होते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. नाहीतर वाचकांच्या साऱ्या टिप्पण्या फुटलेल्या अक्षरांवरच खर्च होतील.

पाळी आणि हिशोब

गट भांडणाने फुटतो त्यापेक्षा जास्त वेळा थकबाकीने विझतो. एकाने चौघांचे मसुदे वाचलेले असतात, त्याच्या पाळीला दोघेच वाचतात, तो काही बोलत नाही, पुढच्या वेळी वरवर वाचतो. तीन महिन्यांत सगळेच वरवर वाचायला लागतात. डॉक्स इथे काहीच मदत करत नाही. कोणी किती वाचलं याची नोंद त्यात नसते.

याची जाण इंग्रजीतल्या जुन्या अभिप्राय-मंडळांना होती. विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा लिहिणाऱ्यांचं ‘क्रिटर्स’ १९९५ पासून चालतं आणि तिथे साधारण तीन-चतुर्थांश आठवडे कोणाचं तरी काही वाचून अभिप्राय दिल्याशिवाय स्वतःचा मसुदा रांगेत पुढे सरकत नाही. ‘स्क्रिबोफाइल’वर अभिप्राय दिला की ‘कर्मा’ गुण जमा होतात आणि स्वतःचं लेखन ठेवताना ते खर्च करावे लागतात. ‘क्रिटिक सर्कल’मध्येही अशीच जमा-खर्चाची पद्धत आहे. तिन्ही ठिकाणी अनोळखी माणसं एकमेकांचं वाचतात ती या हिशोबाच्या जोरावर. तिघांचं कामकाज इंग्रजीत, त्यामुळे मराठी मसुद्याला तिथे वाचक नाही. पण हिशोब उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

एक गूगल शीट करा, सहा रकान्यांची: पाळीची तारीख, लेखक, शब्दसंख्या, कोणाकोणाचं पत्र पोचलं, कोणाची समास-टिप्पणी झाली, आणि लेखकाला सगळ्यात उपयोगी पडलेली एक टिप्पणी. शेवटचा रकाना लेखकाने भरायचा, नावासकट. गटातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक कौतुक आहे. चांगली टिप्पणी म्हणजे काय हे नव्या सदस्याला शिकवायला तो रकाना पुरतो, वेगळी नियमावली लागत नाही.

आकडे मांडून पाहू. पाच सदस्य, दर १४ दिवसांनी बैठक, प्रत्येक बैठकीला दोन मसुदे, मसुदा जास्तीत जास्त ३,००० शब्दांचा. प्रत्येकाची पाळी सरासरी पाच आठवड्यांनी येते. त्या पाच आठवड्यांत प्रत्येकाने इतरांचे चार मसुदे म्हणजे १२,००० शब्द वाचायचे. एका मसुद्याला सलग वाचन, पत्र आणि समास मिळून तास-सव्वा तास धरला तर पाच आठवड्यांत पाच तास. नोकरी-घर सांभाळून हे जमतं. आठ जण झाले की पाळी आठ आठवड्यांनी येते आणि वाचायचं होतं २१,००० शब्द. देणं जवळपास दुप्पट, पाळी मात्र एकच आणि तीही उशिरा. आठांच्या गटातले दोन-तीन जण हळूहळू गप्प होतात ते आळशी असतात म्हणून नव्हे. गणितच त्यांच्या विरुद्ध असतं. उलट तिघांच्या गटात एक आजारी पडला की उरतात लेखक आणि एकच वाचक. पाच हा आकडा म्हणून बरा.

एखाद्याच्या दोन पाळ्यांची पत्रं चुकली तर त्याला काढू नका आणि टोचूही नका. त्याचं नाव शीटमध्ये ‘विश्रांती’ या रंगात टाका: मसुदा द्यायचा नाही, वाचायचीही सक्ती नाही, निरोप मिळत राहतील. परत यायचं असेल तर आधी दोन मसुदे वाचायचे, मग पाळी. दार उघडं आहे आणि उंबरठा किती उंच तेही माहीत आहे, एवढं पुरतं. हे ठरवून ठेवलेलं नसतं तेव्हा गेलेला माणूस लाजेनेच परत येत नाही.

बैठक

बोलण्याची पद्धत नव्याने शोधायची गरज नाही. अमेरिकेत मिलफर्ड इथे १९५६ साली डेमन नाइट आणि त्यांच्या बरोबरीच्या विज्ञानकथाकारांनी लेखकांची परिषद सुरू केली. तिथली रीत पुढे १९६८ च्या क्लॅरियन या लेखन-कार्यशाळेने घेतली आणि आज जगभर चालते: वाचकांनी गोलाने एकेकाने ठरावीक मिनिटं बोलायचं, मधे कोणी तोडायचं नाही, लेखकाने सगळ्यांचं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि शेवटी वेळ त्याचा. लेखकाचं गप्प बसणं ही यातली कळ आहे. तो खुलासा करायला लागला की वाचक मसुद्याबद्दल बोलायचा थांबतो आणि खुलाशाबद्दल बोलतो. छापील पानाबरोबर खुलासा करायला लेखक थोडाच जाणार आहे.

पाचांच्या गटात एका मसुद्याला चार वाचक, प्रत्येकी चार मिनिटं, म्हणजे १६. लेखकाला आणि मोकळ्या चर्चेला १०. एका मसुद्याची २६ मिनिटं, दोघांची ५२. गूगल मीटच्या मोफत खात्यात तिघांहून अधिक जणांची बैठक ६० मिनिटांवर तुटते, त्यात हे बसतं. झूमच्या मोफत खात्यात ४० मिनिटं मिळतात, म्हणजे दुसरा मसुदा ऐन चर्चेत तुटणार. झूमच वापरायचं असेल तर एका बैठकीला एकच मसुदा घ्या. कोणीतरी घड्याळ धरायला हवं, आणि तो माणूस त्या दिवशीच्या दोन लेखकांपैकी नको.

बैठकीत समासातल्या टिप्पण्या वाचून दाखवायला लागले की थांबवा. त्या लेखकाकडे आहेतच. बैठक पत्रातल्या गोष्टींसाठी आहे, आणि दोन वाचकांची मतं जिथे टोकाला टोक आहेत त्या जागांसाठी. एकाला शेवट कळला नाही आणि दुसऱ्याला तो फारच उघड वाटला, तर त्या दोघांनाच पाच मिनिटं बोलू द्या. लेखकाला इतकं उपयोगी दुसरं काही मिळत नाही.

भोवतालची साधनं, भराभर

व्हॉट्सअ‍ॅप गट हवाच, पण तारखा ठरवायला आणि पोल घ्यायला. गटात १,०२४ माणसं मावतात म्हणून कोणी भरवू नये. मसुदा संदेशात टाकू नका. दोन दिवसांत तो शुभेच्छांखाली गाडला जातो. कोणी ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू केलं असेल तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी अभिप्रायही पुसले जातात. छापून आल्याच्या बातम्या इथेच येतात, आणि तिथे टाळ्यांच्या चिन्हांचा पाऊस पडतो. त्याऐवजी एकाने तरी ते छापील वाचून ‘तिसऱ्या खर्ड्यात नसलेला तो पावसाचा परिच्छेद आता नेमका बसलाय’ असं एक वाक्य लिहावं. खर्डे वाचलेल्या माणसालाच हे वाक्य लिहिता येतं, आणि ते लिहिणारा माणूस लेखक सहसा विसरत नाही.

वाचणारे मिळाले तरी बसून लिहायची सोबत वेगळी लागते. त्यासाठी ‘फोकसमेट’ बरं आहे: २५, ५० किंवा ७५ मिनिटांची वेळ निवडायची, समोर एक अनोळखी माणूस, सुरुवातीला काय करणार ते सांगायचं आणि कॅमेरा चालू ठेवून गप्प काम करायचं. आठवड्याला तीन वेळा मोफत. अनोळखी माणूस हाच यातला फायदा, कारण गटातल्या माणसाबरोबर बसलं की पहिली वीस मिनिटं गप्पांत जातात. आपापसात करायचं असेल तर मीट लावून आवाज बंद ठेवा आणि बोलायचं फक्त पहिल्या व शेवटच्या दोन मिनिटांत.

मोठ्या उपक्रमांच्या छत्राखाली मैत्री जमते, पण छत्र कायमचं नसतं. नोव्हेंबरात ५०,००० शब्द लिहायचा ‘नॅनोरायमो’ उपक्रम १९९९ मध्ये सुरू झाला, जगभर पसरला आणि २०२५ मध्ये त्या संस्थेने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी तिथल्या सोबत्यांचे पत्ते आपल्याकडे लिहून ठेवले होते, त्यांना छत्र गेल्यानंतरही एकमेकांपर्यंत पोचता येतं.

फाइल कोणाची

हाच मुद्दा डॉक्सलाही लागू होतो आणि परीक्षणांत तो फारसा येत नाही. गटाची शीट ज्याने बनवली, तो तिचा मालक. त्याने ती कचरापेटीत टाकली तर ३० दिवसांनी कायमची जाते. त्याचं खातं दोन वर्षं वापराविना पडून राहिलं तर गूगल ते सामानासकट काढून टाकू शकतं. मालकी दुसऱ्याला देता येते, पण वैयक्तिक खात्यात समोरच्याने विनंती स्वीकारावी लागते. म्हणजे जाणारा माणूस असतानाच हे उरकायला हवं. गटात नवा माणूस आला की शीटची एक प्रत त्याच्या खात्यातही करून ठेवायची, एवढा साधा रिवाज पुरेसा आहे.

कोणी गट सोडला तर ‘शेअर’च्या यादीतून त्याचं नाव प्रत्येक प्रतीतून एकेक करून काढावं लागतं. प्रती एकाच फोल्डरमध्ये ठेवून फोल्डरच शेअर केलेलं असेल तर एकदाच. सुरुवातीलाच फोल्डर करा.

आणि पाळी संपली की लेखकाने टिप्पण्यांसकट प्रत ‘फाइल’मधल्या ‘डाउनलोड’ने वर्डच्या स्वरूपात उतरवून आपल्या कॉम्प्युटरवर ठेवावी. त्या स्वरूपात टिप्पण्या आणि सूचनाही सोबत येतात. पत्रं मेलमध्ये असतात, तीही त्याच फोल्डरमध्ये चिकटवावीत. पुढचा खर्डा साधारण महिनाभराने हाती घेतला जातो, आणि तोवर कुणी काय म्हटलं यातलं बोचलेलं तेवढंच लक्षात राहिलेलं असतं.